एव्हाना

'येट' हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही, वाईच्या एसटी स्टँडवर भेटला.

सातवीत होते मी. श्रावणातली दुपार, मधूनच ऊन, मधूनच सर. फलाटापुढच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात पुण्याच्या गाडीचं लाल अंग हलत होतं. आमचे इंग्रजीचे सर आम्हा वीस-बावीस पोरांना ओळीनं चालवत घेऊन आले, तेव्हा कंट्रोलरला वाटलं सहल निघाली. "सर, एवढी पोरं या गाडीत मावायची नाहीत," तो खिडकीतूनच म्हणाला. सर म्हणाले, "कुठं जायचं नाही आम्हाला. व्याकरण आहे."

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले होते : ऑलरेडी, जस्ट, स्टिल, येट. शेजारी मराठी अर्थ. ऑलरेडीपुढं 'आधीच', जस्टपुढं 'आत्ताच', स्टिलपुढं 'अजून'. येटपुढं खडू टेकतो न टेकतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, येट म्हणजे पण अजूनच ना? मग दोन कशाला?" खडू तिथंच थांबला. टेबलावर रेन अँड मार्टिनचं जाडजूड व्याकरण होतं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांनी 'बो जेस्ट' नावाची साहसकथाही लिहिली, १९२४ साली, असं सर कौतुकानं सांगायचे. पण साहेब इकडं राहून गेले असले तरी त्यांच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कारण प्रश्न मराठीला पडला होता, इंग्रजीला नव्हे. सरांनी हात झटकले. "उद्या सांगतो," म्हणाले.

आणि तो उद्या असा स्टँडवर उगवला.

गाडी अडीचची. आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. आत खिडकीशी एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. दीड वाजताच येऊन बसलेली असणार, कारण जागेची काळजी. मुलाची चुळबुळ चालू, तिचा पदर वाऱ्यासाठी हलतोय. सरांनी आमच्याकडं पाहिलं. "ह्या बाईच्या मनात काय असेल?" आम्ही एका सुरात, "गाडी अजून इथंच!" सर म्हणाले, "द बस इज स्टिल हिअर." मग कॅंटीनकडं बोट. कंडक्टर बशीत चहा ओतून घेत होता, निवांत. "आणि त्याच्या?" "अजून सुटायची आहे, पिऊ दे सावकाश." "द बस हॅज नॉट लेफ्ट येट."

बरोबर अडीचला कंडक्टर चढला, दोरी ओढली, घंटी दोनदा वाजली आणि गाडी चिखलातून वळण घेत बाहेर पडली. लेकीला बसवून द्यायला आलेला एक म्हातारा तिथंच उभा. निरोपाचा हात अर्धा वर राहिलेला, खाली घ्यायचं विसरलेला. "जस्ट," सर हळूच म्हणाले. "द बस हॅज जस्ट लेफ्ट." आणि मग गणपती आळीच्या बाजूनं डोक्यावर गाठोडं घेऊन एक गडी पळत आला. त्यानं मोकळा फलाट पाहिला, आम्हाला पाहिलं, म्हणाला, "गेलीसुद्धा?"

त्या वेळी सरांना काही बोलावंच लागलं नाही. मागच्या बाकावरचा तोच पोरगा ओरडला, "ऑलरेडी!"

परतताना सर म्हणाले, गाडी एकच, घड्याळ एकच, सुटली ती अगदी वेळेवर. मग शब्द चार का? कुणाला सांगता येईना. "कारण वाट बघणारी माणसं चार," ते म्हणाले. आणि लगेच विषय बदलून, महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, हे पाठ करा म्हणाले. सरांना सामान्यज्ञान आवरत नसे.

मला वाटतं, ही चार क्रियाविशेषणं काळाची आहेतच कुठं? ती वेळ सांगत नाहीत. वेळेबद्दल माणसानं काय धरून ठेवलं होतं, ते सांगतात. ज्याला वाटत होतं उशीर आहे, त्याची गाडी 'ऑलरेडी' जाते. जिला वाटतं एव्हाना हललं पाहिजे, तिची 'स्टिल' उभी असते. गाडी बिचारी फलाटावरच्या वेळापत्रकाप्रमाणं येते आणि जाते.

मराठीत यातलं स्टिल आणि येट या दोघांचं काम एकटा 'अजून' करतो. शिवाय वर आणखी एक. तो झोपलाय अजून. तो उठला नाही अजून. आणि, अजून एक पोळी घे. इंग्रजीत या तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं कामाला लावावी लागतात, स्टिल, येट आणि मोर. आमच्याकडं ती एकाच घरातली, एकाच ताटावर बसणारी. आई तव्यापाशी बसून म्हणायची, "अजून जेवतोस? घे की अजून. अजून तर भात यायचाय." एका दमात तीन. पाहुण्याला त्यात टोमणा ऐकू यायचा की आग्रह, हे त्याच्या पोटावर अवलंबून. सरांना मी हे वाक्य वहीत लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला भाषांतर करता येणार नाही." मला तेव्हा वाटलं ते आईला इंग्रजी येत नाही असं म्हणताहेत. त्या वाक्यातल्या आईला कर्ता नाही, कर्म मानायचं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आम्हाला पाचवीपासून इंग्रजी होतं. पहिलीपासून ते आलं २००० साली. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य लिहिलं, ते रजेच्या अर्जातलं. ताप दोन दिवसांपासून आहे, सबब दोन दिवस रजा मिळावी. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी पोरानं तिथं 'सिन्स टू डेज' लिहिलेलं आहे. ताप खरा असो की खोटा, 'सिन्स' हमखास. सरांच्या लाल शाईनं माझा सिन्स इतक्यांदा खोडला की एकदा त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या परड्यात म्हैस होती. तिच्यापाशी उभं करून म्हणाले, हा खुंटा बघ आणि हे दावं बघ. सिन्स म्हणजे खुंटा. म्हैस कुठं बांधली आहे ते सांगतो : सोमवारी, सकाळी, १९७६ साली. फॉर म्हणजे दावं. किती लांब ते सांगतं : दोन दिवस, पाच महिने, दहा वर्षं. तुम्ही काय करता, दाव्यालाच खुंटा म्हणता.

म्हैस रवंथ करत माझ्याकडं बघत राहिली.

त्यात आमचा दोष एवढाच की 'पासून' हा आपला शब्द दोघांनाही चालतो. सोमवारपासून ताप आहे, दोन दिवसांपासून ताप आहे. दावं संपतं तिथं खुंटा असणारच, असं मराठी गृहीत धरते. शिवाय आपल्याकडं तिसरी एक सुंदर सोय आहे : दोन दिवस झाले ताप आहे. दिवस 'होतात'. जसा पाऊस होतो, लग्न होतं, तसे दिवस होतात. कुणी त्यांना मोजून ताणत नाही. मला अजूनही तापाबद्दल बोलायचं झालं तर हेच वाक्य बरं वाटतं.

'टुडे मॉर्निंग' हीही आमची जुनी खोड. इंग्रजीत आजच्या सकाळीला 'धिस मॉर्निंग' म्हणायचं आणि काल रात्रीला 'लास्ट नाइट'. लास्ट म्हणजे शेवटची, मग काल रात्री शेवटची कशी, असा माझा रुसवा होता. तो नियम मी पाठ केला, परीक्षेत पाळला, पुढं शिकवलाही. पण मनातून पटला नाही. आज आहे, आजची सकाळ आहे, तर ती सरळ तशी का म्हणू नये? काही चुका चुका नसतातच, आपल्या अंगणातली माती तेवढी त्यांच्या पायाला लागलेली असते.

एक गोष्ट मात्र लवकर अंगवळणी पडली, काळाची जागा. मराठीत वेळ आधी येऊन बसते. काल संध्याकाळी मेणवलीला घाटावर गेलो होतो. आधी केव्हा ते सांगायचं, मग कुठं, मग क्रियापद, ते अगदी दाराशी. इंग्रजीत माणूस आधी, मग क्रिया, मग जागा, आणि वेळ सर्वांत शेवटी. 'वुई वेंट टु मेणवली यस्टर्डे.' सर म्हणायचे, साहेब पाहुणा आला की आधी त्याला बसवतो, चहा देतो, आणि निघताना विचारतो, किती वाजले. आपण दारातच विचारतो, "केव्हा निघालात?" ठासून सांगायचं तर तिथंही वेळ पुढं आणता येते, पण ती पुढं आली की स्वल्पविराम घेऊन येते, थोडी संकोचल्यासारखी. ऑलवेज आणि नेव्हर यांचं तर आणखीच. ती वाक्याच्या मधोमध शिरतात. 'इज'च्या नंतर, पण 'कम्स'च्या आधी. का ते विचारायचं नाही. घरात आजोबांची खुर्ची जिथं असते तिथंच असते.

'नेव्हर'नं माझी वही बरीच रंगवली. 'मी कधीच जात नाही' यात कधीच आहे आणि नाहीसुद्धा आहे, म्हणून मी दोन्ही नेऊन इंग्रजीत ठेवायची. सरांनी दाखवलं की नेव्हरच्या पोटातच नकार आहे. जुन्या इंग्रजीतला 'ने' म्हणजे न, त्याला 'एव्हर' चिकटलेला. त्या दिवशी घरी जाताना माझ्या ध्यानात आलं, आमचा 'कधीच' तर त्याहून वल्ली. 'तो कधीच गेला नाही' म्हणजे एकदाही नाही. 'तो कधीच गेला' म्हणजे केव्हाच, मागंच, आता शोधून उपयोग नाही. एकच शब्द, नाही असलं तर काळ उघडलाच नाही, नसलं तर काळ मिटूनही गेला.

आणि त्याची बहीण 'कधीची'. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण', १९११ सालचं, पुढं कॉलेजात हाती आलं तेव्हा अव्ययांच्या पानांशी मी जास्त रेंगाळले. क्रियाविशेषण हे अव्यय. ज्याचा व्यय होत नाही ते. लिंग, वचन, विभक्ती काहीही येवो, ते झिजत नाही, वाकत नाही. काळाला आपण खर्च होणारी वस्तू मानतो, आणि काळ सांगणाऱ्या शब्दांना न खर्चणारे म्हणतो, यात कुणाला गंमत वाटली असेल की नाही कोण जाणे. पण घरातल्या बायकांनी हे अव्यय केव्हाच वाकवलं होतं. "मी कधीची उभी आहे नळावर." "तो कधीचा हाका मारतोय." "पोरं कधीची बसलीत ताटावर." वाट पाहणारी बाई असेल तर वाटेचा काळही बाई होतो, पोरं असतील तर पोरकट होतो. व्याकरणाचे जाणकार म्हणतील की मग ते क्रियाविशेषण उरलं नाही, विशेषण झालं. म्हणोत. इंग्रजीत नळावर उभं राहायचं तर कुठलाही काळ तुमच्यासाठी साडी नेसून येत नाही.

आमच्या सरांचा संध्याकाळचा वेळ विश्वकोशाच्या ग्रंथालयात जायचा. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या देखरेखीखाली. पहिला खंड १९७६ साली निघाला. सर तिथं नोंदी लिहायला नव्हे, मोठ्या इंग्रजी कोशात डोकं घालायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी खिशात चिठोरी घेऊन वर्गात यायचे. 'सून'ची गोष्ट त्या चिठोऱ्यांतली.

आधी वर्गात हशा झाला होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'शी विल कम सून', आणि कुणीतरी वाचलं, "सून येईल." हसू ओसरल्यावर सर म्हणाले, हसा, पण ही सून मुळात फार चपळ होती. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ताबडतोब, या क्षणी. पुढं लोक 'या क्षणी येतो' म्हणत राहिले आणि सावकाश येत राहिले, तसा शब्दाचा अर्थही सैलावला. आज तो 'थोड्या वेळानं' एवढाच उरलाय. मग इंग्रजांनी 'अनॉन' धरला. त्याचंही तेच झालं. मग 'प्रेझेंटली'. तोही एके काळी ताबडतोब होता, नंतर तोही रेंगाळला. एका मागून एक शब्द ताजे आणायचे आणि माणसांच्या आळसानं ते शिळे व्हायचे.

मला लगेच आई आठवली. शेजारच्या काकूंकडं निघाली की उंबऱ्यातून म्हणायची, "आलेच हं." गेलेली नाही, निघतेय, आणि क्रियापद आलेलं. भूतकाळ. जाण्याआधीच परत आल्याची पावती देऊन ठेवायची आणि मग तास-दीड तास बेपत्ता. हे आपण सगळेच करतो. 'निघालोच', 'पोचलोच', 'हा बघ आलो'. भविष्यावर इतका भरवसा की त्याला भूतकाळाचे कपडे घालायचे. इंग्रजीला इथं क्रियाविशेषणं झिजवावी लागली. आम्ही काळच झिजवला.

'अगो'चंही असंच. आजी मूळची कोकणातली, मला हाक मारायची ती "अगो" म्हणून. त्यामुळं 'थ्री डेज अगो' वाचताना मला प्रत्येक वेळी वाटे की तीन दिवसांनी मिळून मला हाक मारली. सरांच्या चिठोऱ्यात निघालं की अगो म्हणजे 'गेलेलं', एका जुन्या क्रियापदाचं उरलेलं शेपूट. तीन दिवस गेलेले. आणि तो बसतोही मागं, अगदी आपल्या 'पूर्वी'सारखा : तीन दिवसांपूर्वी, थ्री डेज अगो. इंग्रजी शब्दांच्या त्या पुढं पुढं करणाऱ्या गर्दीत हा एक आपला वाटायचा, शब्दाच्या मागं उभा राहणारा.

मोजण्याचा घोळ तेवढा शेवटपर्यंत राहिला. शिंपी म्हणतो आठ दिवसांनी या, म्हणजे येत्या याच वारी. आठवडाच आठचा. इंग्रजांच्या आठवड्यात सातच. आमचा पंधरवडा पंधराचा. त्यांचा 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री. आपण दोन्ही टोकं धरतो, ते मधलं अंतर धरतात. आणि 'परवा'? परवा पाहुणे आले होते, परवा पाहुणे येणार आहेत. आजच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस सोडून उभे असलेले हे जुळे भाऊ, क्रियापद आल्याशिवाय ओळखू येत नाहीत. हिंदीचं तर काल-उद्याच जुळं. इंग्रजीत या दोघांसाठी चार-चार शब्दांची आगगाडी जोडावी लागते. एके काळी 'ओव्हरमॉरो' असा सुटसुटीत शब्द त्यांच्याकडं होता, तो त्यांनी टाकून दिला. असा शब्द का टाकावा माणसानं!

पुढं मी इंग्रजीच शिकवू लागले, पुण्यात. गेली काही वर्षं संध्याकाळी एक वर्ग घेते, परदेशी नोकरीला जाऊ बघणाऱ्या नर्सेसचा. पंचवीस-तिशीच्या मुली, दिवसभर वॉर्डात उभ्या राहून आलेल्या, पायांतल्या सपाता काढून बाकाखाली पाय ताणणाऱ्या. यांना काळवाचक क्रियाविशेषण जितकं लागतं तितकं कवीलाही लागत नसेल. औषध केव्हा दिलं, कितीदा दिलं, ताप केव्हापासून, शेवटची उलटी केव्हा. चुकलं तर कुणाच्या तरी शिरेत चुकतं.

एक मुलगी सांगलीकडची, हुशार. सरावात मी पेशंट झाले आणि ती नर्स. तिनं मायेनं माझ्या मनगटाला हात लावला आणि विचारलं, "सिन्स व्हेन यू आर हॅविंग पेन?" तिच्या मनात होतं, कधीपासून दुखतंय हो? पण इंग्रज कानाला 'सिन्स व्हेन' असा सुरुवातीलाच आला की तो उलटतपासणीसारखा लागतो : हे दुखणं कधीपासून काढलंत? तिथं 'हाउ लाँग' विचारायचं. किती लांब. खुंटा नाही, दावं. मी तिला म्हशीची गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी म्हशी आहेत. तिला ती एका वाक्यात कळली. मला सहा वर्षं लागली होती.

दुसरी वहीत लिहिते, 'आय हॅव गिव्हन द इंजेक्शन यस्टर्डे.' मी काल इंजेक्शन दिलंय. मराठीत यात तिळभर चूक नाही. काल दिलंय, म्हणजे काल दिलं आणि त्याचा गुण आत्ता अंगात आहे. इंग्रजी म्हणते, एक काहीतरी ठरव. 'हॅव गिव्हन' म्हणालीस तर दार उघडं आहे, काळ आजपर्यंत येऊन टेकलाय. 'यस्टर्डे' म्हणालीस की दार लावलंस. उघड्या दाराला कडी कशी घालणार? मी शिकवते, त्या लिहून घेतात, मी पुढं जाते. पण दरवर्षी या धड्याला मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. कालचं औषध आज लागू पडत असताना, कालची गोष्ट कालच संपली असं त्या मुलींकडून वदवून घ्यायचं.

एकीचा नवरा अमेरिकेत. ती म्हणाली, "तिकडचे 'डिड यू ईट येट' म्हणतात, आणि तुम्ही 'हॅव यू ईटन येट' शिकवता." दोन्ही चालतं, मी म्हटलं, समुद्र ओलांडल्यावर साहेबाच्या भाषेनंही कडी-कोयंडे थोडे ढिले केले. मग सगळ्याच मुलींना आठवलं की आपण अजून जेवलेलो नाही.

या सगळ्यात एका मराठी शब्दाला मला इंग्रजी जोड मिळालेली नाही. कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा रविवारी दुपारच्या गाडीनं मी वाईहून निघायची. फोन नव्हता घरात. आई स्टँडवर यायची नाही. तिला निरोप घ्यायला आवडत नसे. ती स्वयंपाकघरात राहायची आणि गाडी मनातल्या मनात चालवायची. हे मला धाकट्या भावानं सांगितलं. भाजी निवडताना म्हणायची, "एव्हाना सुरूरचा फाटा आला असेल." ताक घुसळताना, "एव्हाना खंबाटकी चढून उतरली." दिवेलागणीला, "एव्हाना शिरवळ मागं पडलं." मग नसरापूर, मग खेड-शिवापूर. कात्रजच्या घाटापाशी ती जरा थांबायची म्हणे, बोगदा ओलांडेपर्यंत बोलायची नाही. आणि मग, "पोचली असेल एव्हाना," असं म्हणून ताटं घ्यायची.

'बाय नाऊ' म्हणतात इंग्रजीत. बरोबरच आहे, परीक्षेत गुण मिळतील. पण 'बाय नाऊ'मध्ये मेथीची जुडी नाही. एव्हानामध्ये एक माणूस बसल्या जागी दुसऱ्या माणसाबरोबर प्रवास करतं, आणि त्या दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मी त्या वेळी खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची.

आता आई एकटी असते वाईला. महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडं येते, चार दिवस राहते, आणि 'आठ दिवस झाले' म्हणून परत जाते. गेल्या शनिवारी येणार होती. अकराची गाडी धरते म्हणाली होती. मी तांदूळ निवडत होते. सुरूर आलं असेल. हल्ली पुण्याकडं येताना खंबाटकीला बोगदा आहे, त्यामुळं घाट लवकर उरकतो. मी तो हिशेब करून पाच मिनिटं वजा केली. कुकर लावला. एव्हाना शिरवळ. तिला खिडकीची जागा मिळाली असेल का. नसरापूरचा फाटा. वाटाण्याची उसळ तिला तिखट चालत नाही, म्हणून तिच्यापुरती आधीच वेगळी काढली. खेड-शिवापूर. पोळ्यांची कणीक भिजवली. कात्रज आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गप्प बसलेय.

तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं, स्वारगेटला उतरली.

"अगं," आई म्हणाली, "मी अजून घरीच आहे. शेजारच्या काकू आल्या होत्या बसायला, बोलता बोलता राहिलंच. तू जेवून घे. मी आता निघालेच बघ."

मी गॅस बारीक केला, आणि कात्रजपर्यंत आणलेली गाडी मागं नेऊन वाईच्या फलाटावर लावली.